वीस मिलिमीटर

औलूत फेब्रुवारीची सकाळ
नऊच्या सुमाराला, नाइलाजाने येते.
मी नदीवरचा पादचारी पूल ओलांडून गेले.
फायलीत तीन शिफारसपत्रं,
पिशवीत कोरडे मोजे,
वय बावन्न. तेवढं एक अर्जात लिहिलं नव्हतं,
पण पदवीचं साल होतं, आणि वजाबाकी सगळ्यांना येते.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं.
ओत्सो कायानीहून रात्रीच्या बसने आलेला,
अंगात वडिलांचा कोट, बाह्या बोटांपर्यंत.
उर्पो अठ्ठावीस वर्षं कागदगिरणीत होता.
गिरणी गेली, त्याच्या हातांना हे अजून कुणी सांगितलं नव्हतं,
ते मांडीवर कसलेसे व्हॉल्व फिरवत होते.
बोललं कुणीच नाही.
इथे गप्प बसणं हा उद्धटपणा नसतो,
शेजारच्याला दिलेली जागा असते.
कॉफी मात्र सगळ्यांनी घेतली, वेलचीचा पाव कुणीच नाही,
चुरा सांडेल म्हणून.

उर्पो आत गेला आणि फार लवकर बाहेर आला.
ओत्सोने विचारलं, काय विचारतात?
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता."
मग?
"म्हटलं, मासे पकडताना."
तो हसला, टोपी घातली,
आणि जाताना ओत्सोच्या कोटाची कॉलर सरळ करून गेला.

मग ओत्सो. चाळीस मिनिटं.
बाहेर आला तेव्हा कान लाल,
पण बाह्या दुमडलेल्या.

माझी पाळी.
टेबलापलीकडे मुख्य अभियंता पिरिला,
शेजारी एक मुलगी, माझं प्रत्येक वाक्य टिपणारी,
स्वल्पविरामसुद्धा.
"आयुष्यातली एक चूक सांगा."
अशा वेळी दाखवायच्या चुका वेगळ्या काढून ठेवायच्या असतात,
पाहुण्यांच्या कपबश्यांसारख्या.
मी तसलीच एक सांगितली.

मग त्यांनी नकाशा पुढे सरकवला.
"यात एक चूक आहे. शोधा. दहा मिनिटं."
मला सापडली, सोपी होती,
एका पत्र्याची जाडी दोन ठिकाणी दोन लिहिलेली.
पेन्सिल ठेवणार होते.
मग कठड्याचा उतार ओळखीचा वाटला.
मघाशीच त्यावर हातमोजा टेकला होता मी.

साठ मीटर पोलाद.
उणे पंधरात बसवलेलं, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात.
जुलैच्या उन्हात ते पस्तीसला जाईल.
समासात गुणाकार केला, दोनदा केला,
वाढ छत्तीस मिलिमीटर,
आणि टोकाला सोडलेली फट वीस.

"एक नाही," मी म्हटलं, "दोन आहेत."
पिरिलाने चष्मा काढला.
मुलीची बोटं थांबली.
त्या खोलीत पहिल्यांदाच
गप्प बसणं म्हणजे जागा नव्हती.
"हा नमुन्याचा नकाशा आहे," तो म्हणाला.
"हो का," मी म्हटलं.
हात मिळवला. हात थंड होता, पण फेब्रुवारीच होता म्हणा.

पत्र आलं, चार ओळींचं.
आपला अनुभव मोठा आहे, असं त्यात होतं,
दार लावताना आपण पाहुण्याच्या मुलाचं कौतुक करतो तसं.

जुलैत दोन आठवडे ऊन असं पडलं
की डांबरावर सायकलींच्या रेघा उमटल्या.
पुलाच्या तोंडाशी केशरी जाळी, फळीवर "देखभाल".
लोक वळसा घालून जात होते, आइस्क्रीम ओघळत होतं.
जाळीपलीकडे पिवळ्या जाकिटातला एकजण
गुडघ्यावर बसून फटीत पातं सरकवत होता.
पातं जात नव्हतं.

त्याने वर पाहिलं. ओत्सो.
जाकीट मापाचं.
"तुम्हाला कोणती सापडली होती?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, "तुला?"
"पत्र्याची," तो म्हणाला, आणि नदीकडे पाहिलं.
जरा वेळाने, "दुसरीही दिसली होती.
कोट वडिलांचा होता, परत करायचा होता..."
पुढचं वाक्य त्याला जुळेना.

मी जाळीखालून हात घातला.
"पातं आडवं धर," म्हटलं,
"आणि पहाटे मोज, चारला.
तेव्हा पोलाद जरा आखडतं,
खरं काय ते तेव्हा सांगतं."
त्याने लिहून घेतलं, पुठ्ठ्यावर,
माझं नाव विचारून, तेही.